प्रेशर वॉशिंगचा धंदा: मे महिन्यात दिवस पुरत नाही, जुलैत काम पुरत नाही. तासांचं गणित कसं बसवता?

गच्चीवाला, पुणे

नमस्कार मंडळी. माझं प्रेशर वॉशिंगचं, म्हणजे मशीनच्या जोरदार दाबाच्या पाण्याने धुण्याचं, छोटं काम आहे. दोन मशिनं, एक छोटा हत्ती, हाताखाली दोन मुलं. गच्च्या, पार्किंग, पेव्हर ब्लॉक, सोसायट्यांच्या टाक्या आणि अलीकडे सोलर पॅनल. आपल्या धंद्यात मशिनांवर आणि नोझलवर भरपूर बोललं जातं, तासांवर कोणी बोलत नाही. माणूस मात्र तासांनीच मोडतो, म्हणून हा धागा.

आमच्याकडे एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत वॉटरप्रूफिंगवाल्यांची घाई असते. त्यांना गच्ची धुऊन, शेवाळाची काळी साल काढून, कोरडी करून हवी असते. मळक्या पृष्ठभागावर केमिकल धरत नाही. धुतलेली गच्ची वाळायला लागली की चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी) पांढरी पडत जाते आणि भेगांच्या रेघा तेवढ्या काळ्या राहतात, कारण भेगेतलं पाणी उशिरा सुटतं. वॉटरप्रूफिंगवाला नेमका त्याच वेळी खडू घेऊन खुणा करून घेतो. त्यामुळे त्याला आम्ही ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी लागतो. आमचा एक दिवस चुकला की त्याची माणसं बसून राहतात.

पाऊस लागला की हे काम बंद. जुलै-ऑगस्टमध्ये टाक्या आणि निसरड्या पायऱ्या, बाकी काही नाही. गणपती झाले की दिवाळीपर्यंत परत झुंबड. पुढे मार्चपर्यंत बरं चालतं.

मे महिन्यात सकाळी सहाला घर सोडायचं आणि रात्री नऊला परत यायचं, असं चालतं. त्यात पाणी मारायची गन हातात असते सहा-सात तास. बाकीचा वेळ वाहतूक, पाण्याची वाट बघणं, पाइप पसरणं आणि गुंडाळणं, सेक्रेटरींचे फोन, रात्री बिलं. गिऱ्हाईक पैसे देतं ते गन चालते तेवढ्याचे. माझं मत असं की रोजच्या तासांची हद्द आधी ठरवावी आणि हंगाम त्या हद्दीत बसवावा. न बसलेलं काम विश्वासातल्या दुसऱ्या माणसाला द्यावं. "सीझनमध्ये कमवून घ्या आणि पावसाळ्यात झोपा" हा सल्ला सगळे देतात, पण त्यात शरीराचा आणि हाताखालच्या मुलांचा विचार नाही. तुम्ही कसं करता?

कर्जदार, डोंबिवली

दादा, बोललात ते पटतं, पण ज्याच्या मशीनचा आणि गाडीचा हप्ता चालू आहे त्याने काय करायचं? बँक बारा महिने हप्ता घेते. काम चार-पाच महिन्यांत येतं. मेमध्ये चौदा तास केले नाहीत तर ऑगस्टचा हप्ता कुठून भरणार? शिवाय काम दुसऱ्याला दिलं की ती सोसायटी पुढच्या वर्षी त्यालाच फोन करते. हे मी आमच्याच भागात होताना बघितलंय. तरुण आहोत तोवर ओढायचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि २०२५ आठवा. २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, नोंदींमधला सगळ्यात लवकरचा. त्याच्या आधीही मेच्या मध्यापासून रोज सरी होत्याच. नेहमीची तारीख ११ जून धरून ज्यांनी गच्च्यांची कामं शेवटच्या पंधरवड्यावर ढकलली होती, त्यांची ती कामं गेली. ज्यांनी एप्रिलमध्येच तास वाढवले होते ते तरले.

चिरेबंदी, कुडाळ

आमच्याकडे तुमचं कॅलेंडर उलटं आहे. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात काम असतं, पण खरी धावपळ गणपतीच्या आधीचा महिना. चाकरमानी यायच्या आत अंगण, पायऱ्या, पाणंदीकडची गडग्याची भिंत, तुळशीवृंदावन, सगळं हिरवंगार झालेलं असतं ते साफ करून हवं असतं. आणि हे भर पावसात. म्हातारी माणसं त्या पायऱ्यांवरून घसरून खुब्याचं हाड मोडून घेतात, म्हणून हे काम मी कधी नाकारत नाही.

तासांचं म्हणाल तर इथे घड्याळ पाऊस आणि वीज ठरवतात. वीज गेली की इलेक्ट्रिक मशीन बंद, असलीच तर व्होल्टेज कमी आणि मोटर तापते. म्हणून मी पेट्रोल इंजिनावरचं मशीन ठेवलंय आणि पाणी विहिरीचं, ड्रममध्ये काढून घेतो. पाऊस जोरात आला की पडवीत बसायचं. बसण्याचे ते तास कोणी मोजत नाही, पण मी मोजतो. अर्ध्या दिवसाचा दर आणि पूर्ण दिवसाचा दर असे दोनच दर सांगतो. चौरस फुटावर काम घेतलं तर पावसाचा सगळा तोटा आपल्याच अंगावर येतो.

आणखी एक, घाईत असलेल्या सगळ्यांसाठी. जांभ्याच्या चिऱ्यावर लाल, म्हणजे शून्य अंशाचं, एकाच बारीक धारेचं नोझल कधीच नको. दगड भुसभुशीत असतो, त्याची माती सुटते आणि भोकं मोठी होतात. पांढरं चाळीस अंशाचं, पसरट धारेचं नोझल, हात लांब, दाब कमी. त्याला वेळ जास्त लागतो. दिवसाला दोन घरं घेणाऱ्याला ते जमणार नाही. तासांचा आणि कामाच्या दर्जाचा संबंध मला इथे सगळ्यात जास्त दिसतो.

गच्चीवाला, पुणे

@कर्जदार, हप्त्याचं ओझं मला माहीत आहे, ते हलकं लेखत नाही. पण चौदा तासांत खरंच किती काम जास्त होतं ते मांडून बघू.

आपलं साधारण मशीन मिनिटाला १५ लिटर पाणी घेतं. तासभर गन दाबली की ९०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर एका मशीनला अकरा तास पुरतो, दोन मशिनांना साडेपाच. मेमध्ये पुण्यात टँकर सांगितल्या वेळी येत नाही. पाणीटंचाई जाहीर झाली की पिण्याच्या पाण्याने गाड्या आणि अंगणं धुण्यावर महापालिका बंदी घालते, ती वेगळी. बंगळूरमध्ये मार्च २०२४ मध्ये असं पाणी वापरणाऱ्याला पाच हजार रुपये दंड लावला होता. म्हणजे मेमध्ये तुम्हाला थांबवतं ते पाणी. चौदा तास जागेवर राहिलात तरी गन चौदा तास चालत नाही.

म्हणून मी टँकरप्रमाणे दिवस आखायला लागलो. एक टँकर म्हणजे दोन मशिनांची एक पाळी. पाळी संपली की पाइप गुंडाळायचे. पार्किंग आणि पेव्हरला सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पातलं शुद्ध केलेलं पाणी चालतं, पण त्याचे तुषार नाकातोंडात जाऊ नयेत म्हणून मास्क लावायचा. टाकीला मात्र ते पाणी अजिबात नाही.

दुसरं म्हणजे दमलेला हात काय करतो ते बघा. संध्याकाळी बोटं वळत नाहीत, म्हणून मुलं ट्रिगरला तार किंवा केबल टाय बांधून गन सतत चालू ठेवतात. शंभर-सव्वाशे बारच्या दाबाची गन हातातून सुटली तर पाइपासकट जमिनीवर फिरते आणि ज्याच्या पायाला लागेल त्याला कापते. आमच्या गाडीत टाय ठेवायलाच मनाई आहे. ट्रिगर दाबवत नसेल तर दिवस संपला, इतका सरळ नियम.

ओपीडी, सातारा

मी डॉक्टर आहे. आमच्याकडे गाड्या धुणारे आणि टाक्या साफ करणारे पेशंट येतात, म्हणून लिहिते.

प्रेशर गनचं पाणी कातडीत घुसलं तर वरून जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते. रक्तही फारसं येत नाही. आत मात्र पाणी, साबण आणि घाण स्नायूंच्या पदरांतून दूरवर गेलेली असते. मलमपट्टी करून घरी जाऊ नका. त्याच वेळी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि "जास्त दाबाच्या पाण्याने झालंय" हे स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट काढावं लागू शकतं.

ओल्या बुटांत दहा-बारा तास गेले की चिखल्या होणारच. दुपारी मोजे बदला, बोटांमधली जागा कोरडी करा. पायाला चीर असेल तर साचलेल्या पाण्यात उघड्या पायाने उतरू नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. पावसाळ्यात तळघराचं काम करून आल्यावर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यांपैकी काहीही झालं तर कामाचं स्वरूप सांगून लगेच दाखवा.

जमिनीखालच्या टाकीत उतरताना वर एक माणूस कायम हवा. टाकीजवळ पेट्रोलचं इंजिन चालवायचं नाही. त्याचा धूर खाली साठतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दिवसाच्या शेवटी "एवढी एकच टाकी उरली आहे" म्हणून एकट्याने उतरणं हे सगळ्यात धोक्याचं.

वैदर्भी, नागपूर

पहा भाऊ, आमच्याकडं मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. तिथं तासांची हद्द सूर्यच घालून देतो. सकाळी साडेपाच ते दहा, मग संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात काम केलं तर माणूस पडते. शिवाय उन्हानं तापलेल्या फरशीवर साबण टाकल्या टाकल्या वाळतो अन् डाग धरून बसतो, म्हणजे दुपारचं काम दुसऱ्या दिवशी परत करा.

सोलरचंही तसंच. तापलेल्या पॅनलवर थंड पाणी मारलं तर काचेला तडा जाऊ शकतो. पहाटे दव असते तेव्हा धूळ ओली असते, मऊ ब्रशनं आरामात निघते. अन् प्रेशर मशीन पॅनलवर नको, कडेचं सील सुटते अन् कंपनी वॉरंटी नाकारते. नुसता पाइप, लांब दांडीचा ब्रश, अन् कमी क्षाराचं पाणी. बोअरचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके राहतात.

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. तेव्हापासून घरोघरी पॅनल दिसू लागले. हे काम दिवाळीनंतर ते मेपर्यंतचं, रोज पहाटे तीन तासांचं. माझी सुस्त महिन्यांची मजुरी त्यावर निघते. ज्यांना वर्षभर थोडं थोडं काम हवं त्यांनी इकडं लक्ष द्यावं.

हिशेबवही, नाशिक

आमच्या धंद्यात बुकिंग आणि हिशेब मी बघते, मशिनांवर माझा भाऊ आणि तीन माणसं. गच्चीवाला दादांचं मला पटतं, पण "हद्द ठरवा" म्हणून हद्द राहत नाही. ती आधी वहीत राहावी लागते.

आमच्या वहीत दिवसाला दोनच रकाने आहेत, सकाळ आणि दुपार. तिसरा रकाना छापलेलाच नाही. मेचे रकाने आम्ही फेब्रुवारीत विसार घेऊन भरतो. विसार दिलेली सोसायटी तारीख बदलत नाही आणि न दिलेल्या सोसायटीला आम्ही तारीख देत नाही. घाईच्या पंधरवड्यात ऐन वेळी फोन आला तर दर जास्त, हे आधीच सांगून ठेवलेलं असतं. सुरुवातीला लोक नाराज झाले, आता तेच फेब्रुवारीत स्वतःहून विचारतात.

दुसरं, वर्षाचा करार. सोसायटीशी दोनदा टाकी, एकदा गच्ची, एकदा पार्किंग असं एकत्र ठरवायचं आणि पार्किंगची तारीख आपण निवडायची. पार्किंगला छप्पर असतं, ते जुलैत करता येतं. आमची जुलै-ऑगस्टची बरीच कामं अशी तयार झालेली आहेत. पैसे चार हप्त्यांत घेतो, म्हणजे कर्जदार दादांचा ऑगस्टचा हप्ता त्यातूनच सुटेल.

आणि पंचांग बघा, ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. मुंबईतून पाऊस परतायची नेहमीची तारीख ८ ऑक्टोबर. म्हणजे कोरड्या हवेत दिवाळीचं काम करायला दोन आठवडेही मिळाले नाहीत आणि सगळ्यांनी रात्री जागवल्या. यंदा २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे पुढचे सगळे सण सरकलेत. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर. पाऊस वेळेवर परतला तर दिवाळीच्या कामाला महिना मिळतो. तेवढ्याच कामाला यंदा रात्रपाळीची गरज नाही, माणसं वाढवायचीही गरज नाही. अधिक महिन्यात लग्नं नसल्यामुळे मंगल कार्यालयं रिकामी असतात, त्यांच्या फरशा आणि स्वयंपाकघरं तेव्हा मागून घ्या. २०२७ ला लक्ष्मीपूजन परत २९ ऑक्टोबरला येतंय, तेव्हा वेगळं आखावं लागेल.

कर्जदार, डोंबिवली

ताई, चार हप्त्यांची कल्पना चांगली आहे. वर्षाचे करार मी फक्त टाक्यांचे केले होते, पार्किंग त्यात घातलं नव्हतं. दोन सोसायट्यांशी याच महिन्यात बोलतो.

रात्रीच्या कामाबद्दल कोणाचा अनुभव आहे का? हॉटेलांची स्वयंपाकघरं आणि दुकानांसमोरचे कट्टे रात्री अकरानंतरच मिळतात आणि दरही चांगला असतो.

रॅम्पवाला, कोल्हापूर

माझं गाड्या धुण्याचं सेंटर आहे, प्रेशर मशीन तेच, धंदा जरा वेगळा. आमच्याकडं दोन लाटा. खंडेनवमीला गाड्यांची पूजा, त्यामुळं आदल्या रात्री रांग रस्त्यापर्यंत. आणि ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या. फडातली काळी माती ट्रॉलीच्या खालच्या अंगाला बसते, वाळली की निघत नाही, एकेका ट्रॉलीला दोन मोटरसायकलींपेक्षा जास्त वेळ जातो. ड्रायव्हर लोक कारखान्यावर रिकामे होऊन रात्री येतात.

खंडेनवमीच्या आदल्या रात्री मी पाळ्या लावतो. संध्याकाळचा गडी बाराला घरी जातो, बाराचा गडी आधी झोपून येतो. एकच माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत उभा करायचा नाही. त्या रात्रीची मजुरी जास्त देतो आणि दसऱ्याला सेंटर बंद. गिऱ्हाइकाला टोकन देतो, टोकन संपली की बोर्ड लावतो. बोर्ड बघून गाडी परत जाते तेव्हा वाईट वाटतं हे खरं आहे, पण माझी माणसं टिकून आहेत. शेजारच्या सेंटरांत दर दिवाळीनंतर नवीन पोरं शोधतात.

रात्रीचं विचारलंत म्हणून सांगतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरलीय. वस्तीत रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५. प्रेशर मशीन याच्या कितीतरी वर जातं. बंद दारामागं हॉटेलचं स्वयंपाकघर धुणं जमतं, उघड्या रस्त्यावर लोकांची झोप मोडून नाही जमत. आमचं सेंटर वस्तीपासून लांब आहे म्हणून निभतं.

मेपलची सावली, ओंटारियो

मूळची साताऱ्याची, आता टोरांटोजवळ. आम्ही नवरा-बायको लाकडी डेक, घराच्या बाहेरच्या भिंती आणि ड्राइव्हवे धुतो. एप्रिलच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत हंगाम. त्यानंतर पाणी गोठतं, पंपात अँटिफ्रीझ भरून मशीन ठेवून द्यावं लागतं, नाहीतर आतलं पाणी गोठून पंप फुटतो. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि उजेड आहे म्हणून लोक काम करत राहतात. इथल्या बऱ्याच छोट्या धंद्यांत हिवाळ्यात बर्फ काढण्याचे करार घेतात. त्यात बर्फ पडेल त्या पहाटे चार वाजता उठावं लागतं. म्हणजे उन्हाळ्याचा थकवा निघायच्या आत दुसरी पाळी सुरू.

आम्ही बर्फाचं काम सोडलं आणि उन्हाळ्याचे दर वाढवले. डिसेंबर ते मार्च मुलांसाठी आणि भारतात येण्यासाठी. उत्पन्न थोडं कमी झालं, पण नवऱ्याच्या खांद्याचं दुखणं थांबलं. कर्जदार, तुम्ही तरुण आहात म्हणालात. तो खांदा चाळिशीच्या आतच गेला होता.

चिरेबंदी, कुडाळ

हिशेबवही ताई, तुमचं वाचून मी पंचांग काढलं. चतुर्थी १४ सप्टेंबरला म्हणजे माझी धावपळ ऑगस्टच्या मध्यापासून. गच्चीवाला, तेव्हा तुमचं एक मशीन रिकामं असणार ना? मला त्या चार आठवड्यांत एक मशीन आणि सवयीचा एक माणूस मिळाला तर मीही संध्याकाळी सहाला घरी जाईन. राहायची-जेवायची सोय माझ्याकडे, मजुरी पुण्याच्या दराने. बदल्यात मेच्या पहिल्या पंधरवड्यात माझा माणूस तुमच्याकडे. आमच्याकडे तेव्हा आंब्याची गडबड असते आणि धुण्याच्या कामाला कोणी बोलावत नाही.

गच्चीवाला, पुणे

हे जमवू या. दोन मुलांपैकी एक जण स्वतःहून तयार आहे, त्याचं आजोळ मालवणला आहे. मशीन तीन एचपीचं, सिंगल फेज. तुमच्याकडे सोळा अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग कसं आहे ते आधी सांगा. वायर माझी येईल, चार स्क्वेअर एमएमची, पातळ एक्स्टेंशनवर मोटर तापते. तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबीही (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सोबत देतो, पावसात त्याशिवाय चालू करायचं नाही. पंपाचं तेल पाठवण्याआधी बदलून देतो, परत येताना तुम्ही बदला. दिवसाला आठ तास, त्यात गन पाचच्या वर नको, आणि आठवड्यात एक सुट्टी. एवढं मुलाच्या घरच्यांना सांगून ठेवलंय.

चिरेबंदी, कुडाळ

मंजूर. घरात एकच सोळाचा पॉइंट आहे, पंपाच्या खोलीत. अर्थिंग वायरमनला दाखवून घेतो. व्होल्टेज संध्याकाळी पडतं, त्यामुळे इलेक्ट्रिक मशीन सकाळी आणि माझं पेट्रोलचं दुपारनंतर असं लावू. फोन नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतोय.